नानांचा अर्धा मायक्रॉन

नाना "श्वास" म्हणाले की आमच्या खोलीतली सहा माणसं श्वास घ्यायची थांबत. आवाज मोठा नसायचा. सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता, ओठांतल्या ओठांत एवढाच शब्द. कुणाला शिंक येत असली तरी ती परत जायची. मला प्रत्येक गोष्ट मोजायची सवय आहे, म्हणून हेही मी घड्याळ लावून मोजलं होतं: कमीत कमी नऊ सेकंद, जास्तीत जास्त चौदा. मग जांभळा दिवा लागायचा, नाना खुर्चीत मागे टेकायचे आणि म्हणायचे, "घ्या." आणि आम्ही घ्यायचो.

खरं तर आमच्या श्वासाने काही बिघडण्यासारखं नव्हतं. काम काचेच्या पेटीत चालायचं आणि टेबल हवेच्या गाद्यांवर तोललेलं होतं. दर्जा तपासनीस म्हणून कामावर लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हे नानांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असंल," ते म्हणाले. "पण तुमी थांबलात की मला बरं वाटतं."

पनवेलहून तळोज्याकडे जाताना रस्त्याला लागून पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे. त्यातल्या एका गाळ्यात आमचा कारखाना. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, इथे फार तर लोखंडी कपाटं बनत असतील. आत मात्र एक स्वच्छ खोली आहे आणि त्या खोलीत आम्ही चिपला चिप जोडतो. या चिपांमधून विजेऐवजी प्रकाश धावतो. नारळ-सुपारीच्या वाडीत पाणी जसं पाटाने जातं, तसा चिपवर कोरलेल्या पाटातून प्रकाश जातो. एक चिप प्रकाश तयार करणारी, दुसरी तो वाटून देणारी. पहिलीच्या पाटाचं तोंड दुसरीच्या पाटाच्या तोंडाला नेमकं भिडवायचं, खाली आणि फटीत गोंदाचा थेंब सोडायचा, वर जांभळा दिवा धरायचा. गोंद घट्ट झाला की जोड पक्का.

ऐकायला सोपं आहे. पण त्या पाटाचं तोंड असतं तीन मायक्रॉनचं. मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन मिळतो. माझा स्वतःचा केस मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजला, तो बहात्तर भरला. जोड अर्धा मायक्रॉन इकडेतिकडे झाला तरी प्रकाश सांडतो. आमच्या ग्राहकाची मर्यादा होती एक डेसिबल. म्हणजे जोडावर साधारण पाचवा हिस्सा उजेड सांडला तर चालेल, त्याहून जास्त सांडला तर तो नग बाद.

हे काम करणाऱ्या नानांचं शिक्षण सातवी. राहायचे आपट्याला. आमच्याकडे येण्याआधी सव्वीस वर्षं पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तींचे डोळे आखत होते. आमच्या मॅडम, म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई, घरच्या गणपतीची मूर्ती ठरवायला पेणला गेल्या होत्या. तिथे त्यांनी नानांना एकाच दमात बुबुळाची कड फिरवताना पाहिलं आणि तिथल्या तिथे विचारलं, "माझ्याकडे याल का?" नाना म्हणाले, "देवाचे डोळे उघडतो ते पुरे नाय काय?" पुढच्या वर्षी पेणच्या त्या कारखान्यात साच्याने आणि फवाऱ्याने डोळे रंगवायला सुरुवात झाली, आणि नाना आपणहून चौकशी करत पनवेलला आले. हे मला मॅडमनी सांगितलं. नाना सांगायचे ते वेगळंच: "बाईंनी लईच आग्रह केला."

त्यांच्या उजव्या हाताचे लाड हा आमच्या थट्टेचा कायमचा विषय होता. तो हात बहुतेक वेळ खिशात असायचा. एसटीत दांडा धरायचा तो डाव्या हाताने, भाजीची पिशवी डाव्या हातात, दार ढकलायचं ते खांद्याने. कुणी हस्तांदोलनाला हात पुढे केला की नाना लांबून नमस्कार करायचे. दुपारी बारापर्यंत चहा नाही, कारण बोटं थरथरतात. "नाना, घरी जेवता तरी कुठल्या हाताने?" असं आमच्या अर्चनाने एकदा विचारलं. अर्चना म्हणजे डिप्लोमा झालेली, नानांच्या शेजारच्या टेबलावर चिपा साफ करणारी मुलगी. नाना गंभीरपणे म्हणाले, "जेवतो उजव्या हातानंच. पण आमटी जपून घेतो."

मला त्यांनी पहिल्या महिन्यातच नाव ठेवलं: पट्टीबाई. माझ्याकडे मोजपट्टी नव्हती, होती ती वही. पण नाव चिकटलं. आणि ते चिकटायला कारणही घडलं होतं.

मी त्यांच्या मागे उभी राहून काम पाहत होते. चिप सरकवायच्या यंत्राला बारीक स्क्रू असतात. नाना स्क्रू फिरवत चिप वर-खाली करायचे आणि समोरच्या मीटरवर उजेड किती पलीकडे पोचतो ते दिसायचं. आकडा चढत गेला, चढत गेला, सगळ्यात वर पोचला. आमच्या लेखी कार्यपद्धतीत स्पष्ट लिहिलं होतं: उजेड सर्वाधिक असताना दिवा लावावा. मी दिव्याची वाट पाहत होते. आणि नानांनी स्क्रू उलटा फिरवला, जरासाच. आकडा खाली आला. मग म्हणाले, "श्वास."

सगळं झाल्यावर मी विचारलं, "नाना, आकडा वर होता तेव्हा दिवा का नाही लावलात?"

"गोंद वाळताना चिपेला खाली ओढतो. म्हणून तिला जरा वर ठिवली. गोंदाला जागा नको?"

"किती वर ठेवलीत?"

"लागते तेवढी."

"किती लागते?"

"ठिवली तेवढी."

माझ्यासारख्या बाईला असं उत्तर म्हणजे अंगावर झुरळ सोडण्यासारखं आहे. मी वही मिटली. नानांना दया आली असावी. त्यांनी मूर्तीचं उदाहरण दिलं. हात वेगळा घडवून ओल्या मूर्तीला जोडतात, तेव्हा सांधा थोडा फुगीर ठेवतात. माती वाळताना आत ओढते आणि मग सांधा नीट बसतो. ओला असताना नीट बसवला तर वाळल्यावर भेग पडते. "जोडताना बरोबर दिसतो ना, तो जोड चुकलेला असतो पट्टीबाई," ते म्हणाले. मी हे वाक्य वहीत लिहिलं नाही, कारण त्यात आकडा नव्हता.

जानेवारीत ग्राहकाकडून पत्र आलं की मार्चमध्ये त्यांचा माणूस तपासणीला येईल. अशा तपासणीत माल चांगला आहे एवढं पुरत नाही. कागदावर जे लिहिलंय तेच हातून होतं का, हे पाहतात. मी आमचं सगळं काम कागदाशी ताडून पाहिलं, सतरा मुद्द्यांचा अहवाल केला आणि अकराव्या मुद्द्यात लिहिलं: "जोडणी करणारा कारागीर लेखी पद्धत पाळत नाही." वाक्य बरोबर होतं. आजही मी ते खोडू शकत नाही.

मॅडमनी नानांना बोलावून सांगितलं, "नाना, तपासणी होईपर्यंत अर्चना बसेल खुर्चीवर. मग बघू." कारखान्यात काम केलेल्या कुणालाही 'मग बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही.  नानांना पॅकिंगला पाठवलं, डब्यांवर लेबलं चिकटवायला. एकसष्ट वर्षांचा माणूस. त्याच्या हाताला पेणला काम उरलं नव्हतं, आणि पनवेलला एकच खुर्ची होती जिथे त्या हाताची किंमत होती. त्या खुर्चीवरून त्यांना माझ्या एका ओळीने उठवलं.

पॅकिंगमध्येही नाना नानाच राहिले. लेबल दोन बोटांत धरून डब्याच्या कडेशी आणायचे आणि म्हणायचे, "श्वास." पॅकिंगचे पाटील बिचारे गाल फुगवून उभे राहायचे. एक लेबल, एक श्वास. त्या आठवड्यात पॅकिंगचं काम तिपटीने मागे पडलं. लेबलं मात्र अशी सरळ लागली की ग्राहकाने मुद्दाम कळवलं.

इकडे अर्चनाने कागद शेजारी ठेवून, ओळ वाचून, तसंच्या तसं करून बारा जोड केले. दिवा लागायच्या क्षणी बाराही जोडांचा उजेड उत्तम होता, नानांच्या जोडांपेक्षा चांगला. गोंद वाळल्यावर बारांतले नऊ नापास. पोर रडकुंडीला आली. "मॅडम, कागदावर आहे तसंच केलं हो मी!" तिने खरोखर तसंच केलं होतं. तीच तर अडचण होती.

मी पॅकिंगला गेले. नाना लेबल लावत होते. मी चौदा सेकंद थांबले. मग म्हटलं, "नाना, तुम्ही किती जागा सोडता ते मला मोजायचंय."

"मोजा की. पण मला विचारू नका. मला म्हायत नाय."

चार दिवसांत त्यांनी चाळीस जोड केले. यंत्राच्या पडद्यावर चिपेची जागा मायक्रॉनच्या विसाव्या भागापर्यंत दिसते. तो पडदा नानांना दिसू नये म्हणून मी मध्ये फाईल आडवी धरली आणि प्रत्येक वेळी दोन आकडे लिहून घेतले: उजेड सर्वाधिक असतानाचा, आणि नानांनी "श्वास" म्हटल्यानंतरचा. दोन्हींतला फरक म्हणजे नानांची जागा. चाळीस ओळी झाल्या. सगळ्यांत लहान फरक ०.४५, सगळ्यांत मोठा ०.५५. सरासरी अर्धा मायक्रॉन. बेरीज मी तीनदा केली. चाळीस जोडांपैकी एकही नापास नव्हता.

मी त्यांना सांगितलं, "नाना, तुम्ही दर वेळी अर्धा मायक्रॉन सोडता."

"आसं?" ते जरा नाराजच दिसले. "मला वाटलं बराच आसंल."

अकराव्या मुद्द्याखाली मी दुसरं वाक्य लिहिलं आणि सही केली: "दोष कारागिराचा नसून लेखी पद्धतीचा आहे. उजेड सर्वाधिक झाल्यावर चिप अर्धा मायक्रॉन वर घेऊन मग दिवा लावावा." मॅडमनी वाचलं आणि दुसऱ्या दिवशी नाना खुर्चीवर होते. मार्चमध्ये ग्राहकाचा माणूस आला, पांढरा कोट घालून नानांच्या मागे उभा राहिला. नाना म्हणाले, "श्वास." त्याला मराठी येत नव्हतं, पण आम्हा सगळ्यांकडे पाहून त्यानेही थांबवला. त्या दिवशी नानांनी मुद्दाम एकोणीस सेकंद लावले, हे मी शपथेवर सांगते. मग वळून म्हणाले, "घ्या सायेब, निळे पडाल." तपासणीत आम्ही पास झालो.

इथे ही गोष्ट संपली असती तर माझ्या वाट्याला थोडं पुण्य आलं असतं. पण जोडणीचं स्वयंचलित यंत्र विकणारे लोक दोन वर्षं आमच्याकडे खेटे घालत होते. ते दर वेळी विचारायचे, गोंदासाठी किती जागा सोडता तो आकडा द्या, यंत्र तेवढी सोडेल. आमच्याकडे आकडा नव्हता, नाना होते. आता आकडा होता. दिवाळीनंतर यंत्र आलं. मधला सगळा पावसाळा नानाच जोड करत होते आणि जोड पास होत होते, पण मी पुन्हा एकदाही मोजलं नाही. का मोजू? मोजून झालं होतं.

नानांचा निरोपसमारंभ जानेवारीत झाला. त्यांनी शाल घेतली, नारळ डाव्या हातात घेतला. निघताना माझ्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पट्टीबाई, आजपर्यंत चोर लई पाह्यले. सही करून चोरी करणारी तुमी पहिली." सगळे हसले. तेही हसले. मी हसले की नाही, आठवत नाही.

मेमध्ये मी आपट्याला त्यांच्या घरी गेले. ओटीवर शाडूच्या लहान मूर्ती मांडलेल्या होत्या, ओळखीच्या लोकांसाठी, एकवीस. मोजल्या मी. काकूंनी कोकम सरबत आणलं. उजवा हात आता बिनधास्त बाहेर होता. त्याच हाताने नानांनी मला बसायला पाट सरकवून दिला.

"यंत्र किती सोडतंय?"

"अर्धा."

"रोज?"

"रोज अर्धा."

"पावसात?"

"नाना, खोलीत एसी आहे. हवेचा दमटपणा ठरवून ठेवलाय. पावसाचा तिथे काही संबंध नाही."

"असंल," नाना म्हणाले.

तो 'असंल' मी ओळखायला हवा होता. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सांडणाऱ्या उजेडाचे आकडे बिघडायला लागले. ०.७ डेसिबलचे ०.९ झाले, मग १.१. दिवा तपासला, यंत्र तपासलं, गोंदाची बाटली बदलली. बाद नगांचा डबा भरत चालला. शेवटी मी फोन केला. "नाना, पावसात किती सोडायचं ते सांगा."

"फोनवर कसं सांगू? हाताला म्हायत, मला नाय."

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आले, छत्री डाव्या हातात. यंत्र बंद केलं, जुन्या खुर्चीवर बसले. चहा घेतला नाही. अजून बारा वाजले नव्हते. निम्मी माणसं नवीन होती, त्यांनी नानांना कधी पाहिलंही नव्हतं. तरी "श्वास" म्हटल्यावर खोली थांबली. मी फाईल आडवी धरली. वीस जोड. फरक ०.३ ते ०.४, सरासरी ०.३५, आणि विसांतला एकही नापास नाही. कारणही नंतर मला सापडलं: खोली कोरडी असली तरी बाटलीतला गोंद नळीत भरायचं काम खोलीबाहेरच्या टेबलावर चालायचं. तिथे तो पावसाळ्यात ओल धरायचा आणि वाळताना कमी ओढायचा.

"नाना, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग मी मोजत होते तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तुमी थंडीत विचारलं. पावसाचं विचारलं नाय." अर्चना खुदकन हसली. नाना हसले नाहीत. स्क्रूवरून हात काढत, हळू आवाजात म्हणाले, "खुर्ची होती तोवर ठिवलं पट्टीबाई. आता खुर्ची नाय. ठिवून काय करू? लिवा."

मी लिहिलं. वहीवरचा आकडा मला नीट दिसत नव्हता, तरी लिहिला.

मॅडमनी त्यांना दर पावसाळ्यात चार महिने यायला सांगितलं. नाना म्हणाले, "पावसातच तर गणपती असतात बाई," आणि बाराच्या ठोक्याला चहा पिऊन गेले. त्या वर्षी त्यांनी एकवीसही मूर्ती पुऱ्या केल्या. डिसेंबरात, झोपेतच गेले.

आमच्या कार्यपद्धतीत आता दोन ओळी आहेत. थंडी-उन्हाळा ०.५, पावसाळा ०.३५. शेजारी 'आधार' असा रकाना असतो; त्यात एखाद्या मानकाचं नाव लिहायचं असतं. तिथे मी 'नाना' लिहिलं आहे. तपासणीला येणारे विचारतात, मी चाळीस आणि वीस अशा साठ ओळी काढून दाखवते. आजवर कुणी हरकत घेतलेली नाही.

दरवर्षी ऑगस्टमध्ये मी पुन्हा वीस जोड मोजते. यंत्र चिप भिडवतं, वर घेतं आणि दिवा लावण्याआधी सहा सेकंद थांबतं. त्या सहा सेकंदांत खोलीत कुणी श्वास घेत नाही, नानांना कधीही न पाहिलेली माणसंसुद्धा. त्याने जोडाला काही फरक पडत नाही. मी मोजून पाहिलंय.